नोंद आणि निरोप

१

प्रबंधाच्या आरंभी ऋणनिर्देशाचे एक पान असते. मार्गदर्शक, विभागप्रमुख, आईवडील, पती अथवा पत्नी आणि शेवटी टंकलेखक अशी त्या पानाची उतरंड ठरून गेलेली आहे. या उतरंडीत कोठेतरी, बहुधा टंकलेखकाच्या थोडे वर, ‘ग्रंथालयातील सर्व कर्मचारी’ असा एक शब्दसमूह येतो. वाचकाची नजर त्यावर क्वचितच थांबते. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात तीसहून अधिक वर्षे काम करणाऱ्या ग्रंथपालबाई मात्र प्रबंध हाती आला की सर्वप्रथम हेच पान उघडतात. आपले नाव शोधणे हा त्यामागचा हेतू आरंभीच्या काही वर्षांत असेलही. पुढे तो उरला नाही. संशोधकाला कोणाकोणाकडे जावे लागले, कोणत्या गावी कोणते कपाट त्याच्यासाठी उघडले गेले, हे त्या पानावरून ओळखण्याची त्यांना सवय लागली. त्यांच्या दृष्टीने ते ऋणनिर्देशाचे पान नसून एक अपुरी तालिकाच असते.

बाई १९९३ मध्ये रुजू झाल्या. निवृत्तीला आता थोडाच अवधी उरला आहे. त्यांच्या जागी नवी नेमणूक होईल की नाही, याविषयी कोणी खात्रीने बोलत नाही. मधल्या काळात दोन साहाय्यकांची पदे रिकामी झाली आणि रिकामीच राहिली. मंजूर पदांच्या तक्त्यात ती अद्याप दिसतात. देवघेवीच्या काउंटरवर मात्र अर्धवेळ काम करणारा एक विद्यार्थी बसतो.

अशा दिवसांत त्यांच्यासमोर स्वयंमूल्यमापनाचा वार्षिक तक्ता आला. त्यातील एका रकान्याचे शीर्षक होते : ‘व्यावसायिक विकास’. बाईंनी प्रमाणपत्रांची फाइल काढली. उद्बोधन वर्ग, उजळणी वर्ग, कार्यशाळा, चर्चासत्रे आणि २०२० नंतरची वेबिनारे यांची मिळून चाळीसहून अधिक प्रमाणपत्रे तीत निघाली. ती तारखेप्रमाणे लावताना त्यांच्या मनात एक प्रश्न आला आणि तो त्यांना काही केल्या सोडेना : यांपैकी नेमक्या कोणत्या दिवशी आपण अधिक चांगल्या ग्रंथपाल झालो? रकाना त्या दिवशी तसाच राहिला.

२

ग्रंथालयात काम करणाऱ्याला शिकवावे लागते, ही कल्पना मराठी प्रदेशाच्या शेजारी एका मराठी राजाने फार लवकर रुजवली होती. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतील ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना बडोद्यास बोलावले आणि त्यांच्या हाताखाली ग्रंथालय-प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. १९१२ पासून बडोद्याहून ‘लायब्ररी मिसलेनी’ नावाचे जे नियतकालिक निघू लागले, त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठीही होती. एका गावच्या ग्रंथपालाने दुसऱ्या गावच्या ग्रंथपालाला काय सांगावे, यासाठी मराठीत शंभर वर्षांपूर्वी छापील पान उपलब्ध होते, ही गोष्ट आजच्या जालावरील देवाणघेवाणीची चर्चा करताना सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

रंगनाथनांची कथा प्रत्येक ग्रंथपाल अभ्यासक्रमात वाचतो. गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन १९२४ च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्या रिकाम्या दालनातील एकांताला इतके कंटाळले की पुन्हा वर्गात परतू द्यावे अशी विनंती त्यांनी केली. आधी लंडनला जाऊन हा विषय शिकून या, मग ठरवा, असे त्यांना सांगण्यात आले. लंडनमध्ये त्यांनी वर्गात शिक्षण घेतले हे खरे. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तेथील अनेक ग्रंथालये त्यांनी हिंडून पाहिली आणि काम करणाऱ्यांशी ते बोलले. एका दुकानात मुलांच्या खेळण्यातील सुट्या पट्ट्या, चाके आणि स्क्रू यांतून निरनिराळ्या वस्तू जोडून दाखवत असलेले पाहून त्यांना वर्गीकरणाची नवी पद्धती सुचली, असे ते सांगत. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली आणि १९३३ मध्ये ती द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. वाचकाचा वेळ वाचवण्याची जबाबदारी त्यांनी एका सूत्रात सांगितली आणि ग्रंथालय सजीवाप्रमाणे वाढत असते, हे पाचव्या सूत्रात. पाचव्या सूत्राचा अर्थ परीक्षेत लिहिताना बाईंनी ग्रंथसंख्या, वाचकसंख्या आणि जागा यांची वाढ नोंदवली होती. ग्रंथालयात काम करणारा माणूसही त्या सजीवाचा एक अवयव आहे, आणि त्याची वाढ खुंटली तर इतर वाढीला फारसा अर्थ उरत नाही, हे त्यांच्या ध्यानी यायला नोकरीची बरीच वर्षे जावी लागली.

त्यांचे स्वतःचे शिक्षण दाखल-नोंदवही आणि तालिकापत्रे यांवर झाले. ड्युईच्या दशांश पद्धतीत इंग्रजी साहित्याला ८२० पासूनचे अख्खे घर मिळते, अमेरिकेतील इंग्रजी साहित्याला ८१० पासूनचे स्वतंत्र घर मिळते, आणि मराठी साहित्य ८९१.४६ या क्रमांकावर, दशांश चिन्हापलीकडे दोन घरे आत जाऊन बसते. मराठी कादंबरी लावायची तर ८९१.४६३. हे आकडे पुस्तकाच्या पाठीवर हजारो वेळा लिहिताना त्यांना त्यात काही वावगे वाटले नाही. पुढे एका उजळणी वर्गात एका वयस्कर व्याख्यात्याने सहज विचारले, की ज्या ग्रंथालयातील निम्मी पुस्तके मराठी आहेत, तेथे मराठीला पत्ता शोधत इतक्या दूर का जावे लागते? प्रश्नाचे उत्तर त्या वर्गात मिळाले नाही. परंतु वर्गीकरण हे निसर्गाने दिलेले नसते, ते कोणीतरी कोठेतरी बसून केलेले असते, ही जाणीव त्या दुपारी झाली. चाळीस प्रमाणपत्रांतील ज्या एका प्रमाणपत्राविषयी त्यांना आज निश्चित काही सांगता येते, ते हे.

विद्यापीठांतून १९८७ पासून सुरू झालेल्या ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजांचे हे वर्ग तीन-तीन आठवड्यांचे असत. व्याख्यानांपेक्षा वसतिगृहातील रात्री अधिक उपयोगी पडत. कोणाकडे कोणत्या नियतकालिकाची संपूर्ण फाइल आहे, कोणत्या संस्थेत पत्र पाठवल्यास उत्तर येते आणि कोणत्या संस्थेत स्वतः जाऊन उभे राहावे लागते, वाळवीवर कोणता उपाय चालतो, हे ज्ञान तेथे मिळे. प्रत्येकाजवळ पत्त्यांची एक छोटी डायरी असे. बाईंची डायरी अजून आहे. तीतील बऱ्याच नावांपुढे आता रेघ ओढलेली आहे.

२०१० च्या नियमांनी पदोन्नतीसाठी गुणांक आणले आणि शिकण्याला अंकात मोजण्याची पद्धत रूढ झाली. २०२० मध्ये महासाथीने ग्रंथालये बंद केली, तेव्हा सकाळी एक आणि दुपारी एक अशी वेबिनारे होऊ लागली. शेवटी प्रश्नावली भरली की प्रमाणपत्र पडद्यावर येई. त्या काळात या वेबिनारांनी घरात कोंडलेल्या अनेकांना धीर दिला, हे नाकारणे अन्यायाचे होईल. दूरच्या विद्यापीठातील नामवंतांचे विचार तालुक्याच्या गावी ऐकता आले, हेही लहान नव्हे. तथापि तेथे वसतिगृह नव्हते. व्याख्यान संपले की खिडकी मिटे आणि श्रोता पुन्हा आपापल्या खोलीत एकटा उरे.

विकासाच्या या साऱ्या व्यवस्थेत आणखी एक गोष्ट गृहीत होती. ग्रंथपालाला वर्गास पाठवले जाई, कारण त्याच्या वेतनश्रेणीशी त्याचा संबंध होता. पुस्तके प्रत्यक्ष जागेवर लावणाऱ्या, धूळ झटकणाऱ्या, बांधणीसाठी गठ्ठे तयार करणाऱ्या ग्रंथालय परिचराला शिकवण्याची गरज कोणाला वाटली नाही. आणि त्याच्याकडून शिकण्यासारखे काही असेल, हे तर कोणाच्या मनातही आले नाही. बाईंच्याही आले नव्हते.

३

ग्रंथालयांचे जाळे हा शब्दप्रयोग भारतात ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस रूढ होऊ लागला. दिल्लीत १९८८ मध्ये ‘डेलनेट’ सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये ‘इन्फ्लिबनेट’चा कार्यक्रम हाती घेतला आणि १९९६ मध्ये त्याला स्वतंत्र केंद्राचे रूप मिळाले. या जाळ्यांच्या मागची कल्पना मूलतः संयुक्त तालिकेची होती : कोठे काय आहे, हे एका ठिकाणी कळावे. पुढे त्याच केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात देशभरातील प्रबंध जमा होऊ लागले. नागपूरच्या प्रबंधासाठी कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला नागपूरला जाण्याची गरज अनेकदा उरली नाही. मराठीच्या संशोधनात विषयांची पुनरावृत्ती किती होते, हेही त्यामुळे उघड झाले, ही गोष्ट अलाहिदा.

यानंतर भ्रमणध्वनी आला आणि जाळे यंत्रांच्या पातळीवरून माणसांच्या पातळीवर उतरले. बाई राज्यातील महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या एका व्हॉट्सॲप समूहात आहेत. पत्त्यांच्या डायरीत सत्तर नावे होती. समूहात कित्येक पटींनी अधिक आहेत. त्यातील बहुतेकांचे चेहरे त्यांनी पाहिलेले नाहीत. तरीही नोकरीच्या उत्तरार्धात त्या जे शिकल्या त्यातील पुष्कळसे या अनोळखी माणसांकडून शिकल्या, हे त्या मोकळेपणाने मान्य करतात.

उदाहरण ‘कोहा’ या संगणक प्रणालीचे घेता येईल. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी ती तयार झाली आणि २००० मध्ये वापरात आली. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. आणि त्या समाजाच्या रीतीप्रमाणे भेट घेणाऱ्याने कधीतरी परत काही द्यावे, असा संकेत त्या शब्दात आहे. प्रणाली विनामूल्य मिळते, पण ती बसवून देणारा, बिघडल्यास दुरुस्त करणारा विक्रेता बरोबर येत नाही. बाईंच्या ग्रंथालयात जुन्या संगणकीय फाँटमध्ये टंकित केलेल्या मराठी नोंदी जेव्हा नव्या प्रणालीत आल्या, तेव्हा पडद्यावर शीर्षकांऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांगोळी उमटली. त्या रात्री समूहावर विचारलेल्या प्रश्नाला मराठवाड्यातील एका तरुण साहाय्यकाने उत्तर दिले आणि युनिकोडमध्ये रूपांतर कसे करावे, हे आठवडाभर रोज एक तास देऊन शिकवले. वयाने तो बाईंच्या मुलाएवढा होता.

परतफेडीची संधी लवकरच आली. नोंदी सुधारल्या तरी शोध लागत नाहीत, ही तक्रार अनेकांची होती. कारण यंत्रात नव्हते, भाषेत होते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये मान्य झाले. त्यापूर्वीच्या पुस्तकांच्या शीर्षकांवर अनुस्वारांची पखरण असे. मुखपृष्ठावर ‘कांहीं’ असेल आणि विद्यार्थी ‘काही’ असा शोध घेत असेल, तर यंत्र निर्विकारपणे ‘नोंद नाही’ असे सांगते. टोपणनावांची अडचण याहून मोठी. राम गणेश गडकरी नाटककार म्हणून एका नावाने, कवी म्हणून ‘गोविंदाग्रज’ या नावाने आणि विनोदकार म्हणून ‘बाळकराम’ या नावाने वावरतात. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले ते विभावरी शिरूरकर या नावाने. मालतीबाई बेडेकर हे नाव तेथे नव्हते, आणि त्या काळी ते तेथे नसणे हाच त्या पुस्तकाच्या अस्तित्वाचा आधार होता. या नावांना एकमेकांशी जोडणारी ‘पाहा’ची नोंद केली नाही, तर एक लेखक ग्रंथालयात तीन ठिकाणी पसरून राहतो. बाईंनी अशा नावांची यादी करून समूहावर ठेवली. कागदी तालिकापत्रांच्या काळात शिकलेले, आता निरुपयोगी ठरले असे वाटणारे कौशल्य पुन्हा कामाला आले.

या देवाणघेवाणीची दुसरी बाजूही त्यांना दिसत होती. एखाद्या मौलिक उत्तरापाठोपाठ वाढदिवसाच्या शुभेच्छा, सुविचार आणि सणांची चित्रे यांचा लोंढा येई आणि दुपारपर्यंत ते उत्तर कोठल्या कोठे जाई. कोणी एखाद्या हयात लेखकाची अख्खी कादंबरी पीडीएफ करून पाठवी आणि पन्नास जणांचे हात जोडलेले दिसत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क अबाधित असतो, हे ज्यांनी वाचकाला सांगायचे, तेच ही कादंबरी पुढे धाडत होते. बाईंनी एकदा समूहावर तसे लिहिले. उत्तर आले नाही. त्यानंतर त्या अशा फाइली केवळ पुढे पाठवत नाहीत.

४

२०२२ च्या पावसाळ्यात विदर्भातील एका संशोधक विद्यार्थिनीचे पत्र आले. तिचा विषय साठोत्तरी अनियतकालिकांचा होता. ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’ ही नावे वाङ्मयेतिहासात सर्वांना ठाऊक आहेत. परंतु त्या चळवळीत अशी अनेक अनियतकालिके निघाली, की ज्यांचे दोन-चार अंक चक्रमुद्रित होऊन मित्रांत वाटले गेले आणि संपले. नोंदणी नाही, वर्गणी नाही, ग्रंथालयाला देण्याची प्रथा नाही. प्रस्थापित प्रकाशनव्यवस्थेच्या बाहेर राहण्याची त्यांची प्रतिज्ञाच असल्याने ग्रंथालयाच्या व्यवस्थेतही ती आली नाहीत. विद्यार्थिनीला अशाच एका अंकाची गरज होती. त्यावाचून तिच्या प्रबंधातील एक प्रकरण ऐकीव माहितीवर उभे राहणार होते.

बाईंनी नेहमीप्रमाणे संगणकात पाहिले, जुन्या दाखल-नोंदवह्या पाहिल्या आणि आपल्याकडे अंक नाही असे उत्तर दिले. मग समूहावर विचारणा केली. मुंबई, पुणे, गोवा, सोलापूर अशा ठिकाणांहून तत्परतेने उत्तरे आली. कोणी एका दिवंगत कवीच्या घरी चौकशी करण्यास सुचवले, कोणी दुसऱ्याच अंकाचे छायाचित्र पाठवले. तीन दिवसांत शोध राज्यभर हिंडून आला.

चौथ्या दिवशी बाईंना एक ध्वनिसंदेश आला. आवाज त्यांच्याच ग्रंथालयातून दहा-बारा वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या परिचरांचा होता. सारे महाविद्यालय त्यांना ‘मामा’ म्हणत असे. समूहातील एका ग्रंथपालाने आपल्या उमेदवारीच्या काळात या ग्रंथालयात काम केले होते. त्याने विचारणा मामांच्या मुलाकडे पाठवली होती. संदेश छोटा होता. “मॅडम, त्यो अंक गावभर कशाला हुडकताय? आपल्याकडंच हाय. जाड मासिकाच्या पोटात बांधलाय. मागल्या पुठ्ठ्याच्या आत निळी टिंबं बघा.”

बाई ग्रंथसंचयात गेल्या. एका प्रसिद्ध मासिकाच्या बांधीव खंडांची रांग तेथे होती. त्यांनी सांगितलेला खंड काढला, मागचा पुठ्ठा उघडला. आतल्या बाजूस, खालच्या कोपऱ्यात, निळ्या पेन्सिलीची तीन टिंबे होती. मासिकाचा डिसेंबरचा अंक संपल्यावर, मध्ये एक कोरा कागद सोडून, तीन चक्रमुद्रित अंक शिवलेले होते. त्यातील दुसरा विद्यार्थिनीला हवा असलेला.

उलगडा नंतर मामांशी बोलताना झाला. मराठी विभागाच्या एका जुन्या प्राध्यापकांनी निवृत्त होताना अशा पातळ अंकांचा गठ्ठा ग्रंथालयाला दिला होता. दाखल करावे तर त्यांवर किंमत नव्हती. टाकून द्यावे तर सरांचे मन मोडणार. बांधणीचे अनुदान तुटपुंजे आणि बाइंडर खंडामागे पैसे घेणारा. तेव्हा मामांनी हे अंक मोठ्या मासिकांच्या खंडांना शेवटी जोडून घेतले. पाठीवर सोनेरी अक्षरांत नाव उमटले ते मोठ्या मासिकाचे, आणि दाखल-नोंदवहीत तेच चढले. पण आत किती जोडले आहे ते पुढच्या माणसाला कळावे, म्हणून जितके अंक तितकी टिंबे त्यांनी मागच्या पुठ्ठ्यावर काढली.

ही टिंबे बाईंनी अनेकदा पाहिली होती. बाइंडरची काही खूण असावी, अशी त्यांची समजूत होती.

या शोधाचा आनंद ग्रंथालयात साजरा झाला. विद्यार्थिनीला छायाप्रत गेली, समूहावर अभिनंदनाची रीघ लागली. बाई मात्र त्या दिवशी फार बोलल्या नाहीत. त्यांच्या टेबलाच्या खणात निर्लेखनाची एक यादी तयार होती. जागेची टंचाई होती; ज्या मासिकांचे खंड इतर मोठ्या ग्रंथालयांत सहज मिळतात ते काढून टाकावेत, असे ग्रंथालय समितीत ठरले होते. यादी बाईंनी स्वतः, नियमांना धरून, अत्यंत काळजीपूर्वक केली होती. तीत या मासिकाचे सर्व खंड होते. समितीच्या बैठकीला गणसंख्येअभावी तहकुबी मिळाली नसती, तर पावसाळ्यापूर्वीच ते रद्दीच्या तराजूत गेले असते.

५

या प्रसंगाकडे दोन प्रकारे पाहता येते. जालावरील संपर्काचा हा विजय आहे, असे समूहातील अनेकांनी म्हटले, आणि त्यात तथ्य आहे. विचारणा राज्यभर फिरली नसती, तर ती मामांपर्यंत पोहोचली नसती. परंतु बाईंना तीच गोष्ट उलटीही दिसत होती. जे ज्ञान वीस पावलांवर, त्यांच्याच दालनात, अठरा-वीस वर्षे त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या माणसापाशी होते, ते मिळवण्यासाठी त्यांना गोव्यापर्यंत हाक मारावी लागली. त्या काळात त्यांनी मामांना कधी विचारलेच नव्हते. विचारण्यासारखे काही आहे, असे चाळीस प्रमाणपत्रांपैकी एकाही प्रमाणपत्राने त्यांना सांगितले नव्हते.

मामांनी जे केले होते, त्याला ग्रंथालयशास्त्रात नाव आहे. एका खुणेने एक आशय सुचवणे, ती खूण ठरावीक जागी करणे आणि सर्वत्र एकसारखी ठेवणे, हे अंकनाचे मूलतत्त्व आहे. त्यांनी ते निळ्या पेन्सिलीने पाळले होते. त्यांच्या पद्धतीत एकच उणीव राहिली : खुणेचा अर्थ कोठे लिहून ठेवलेला नव्हता. तो त्यांच्या स्मरणात होता आणि निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन ते घरी गेले, तेव्हा तोही त्यांच्याबरोबर गेला.

हीच उणीव समूहालाही आहे, हे बाईंना काही महिन्यांनी कळून आले. दुसऱ्या एका ग्रंथपालाने नेमक्या त्याच अनियतकालिकाविषयी समूहावर विचारणा केली. पूर्वी ज्यांनी अभिनंदन केले होते, त्यांपैकी कोणालाही आठवले नाही. बाईंनी उत्तर दिले, पुन्हा अभिनंदन झाले, आणि संध्याकाळपर्यंत ते उत्तरही वर सरकून दिसेनासे झाले. निरोप पोहोचला की त्याचे काम संपते. नोंद मात्र अशा माणसासाठी असते, की ज्याने अद्याप प्रश्न विचारलेला नाही.

या फरकाची जाण असलेला एक माणूस मराठीत होऊन गेला. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली; ती १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली. १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा भाग १९६१ मध्ये आला. एवढ्या ग्रंथांचा माग घ्यायचा तर ठिकठिकाणची ग्रंथालये आणि त्यांत काम करणारी माणसे यांच्या साहाय्यावाचून भागत नाही. मराठीचा प्रत्येक संशोधक त्या पानांचा ऋणी आहे. तात्पर्य असे, की सूचीच्या मागे नेहमीच माणसांचे जाळे असते; परंतु जाळ्यातून सूची आपोआप निपजत नाही. कोणीतरी बसून, तपासून, लिहावे लागते. दात्यांची ग्रंथसूची १९५० पाशी थांबते, आणि अनियतकालिकांचे युग त्यानंतर पाच वर्षांनी सुरू होते.

बाईंनी निर्लेखनाची यादी परत घेतली. समितीला त्यांनी लेखी कळवले की यादी करताना खंडांच्या पाठी पाहिल्या, पोटे पाहिली नाहीत. ही चूक आपली आहे. मग नियतकालिकांच्या प्रत्येक बांधीव खंडाचा मागचा पुठ्ठा उघडून पाहण्याचे काम सुरू झाले. अर्धवेळ विद्यार्थी शिडीवर चढून खंड काढतो, बाई टिंबे मोजतात. आतापर्यंत ४३ खंडांत टिंबे सापडली आहेत. काही ठिकाणी एक, काही ठिकाणी पाच. काही अंकांना मुखपृष्ठ नाही, संपादकाचे नाव नाही. अशा वेळी दर मंगळवारी, मामांच्या मुलाला साखर कारखान्यातून सुटी असते तेव्हा, दृक्-संवाद होतो. बाई कॅमेऱ्यापुढे पान धरतात. मामा चष्मा पुसून पाहतात आणि हा अंक कोणी आणून दिला, कोणत्या गठ्ठ्यात होता, ते सांगतात. त्यांना वाङ्मयाचा इतिहास ठाऊक नाही. कागद, दोरा आणि माणसे ठाऊक आहेत. कधी आठवत नाही, तेव्हा ते सरळ “न्हाई ध्यानात, मॅडम” म्हणतात, आणि बाई त्या रकान्यात प्रश्नचिन्ह घालतात.

प्रत्येक अंकाची स्वतंत्र नोंद ‘कोहा’त होते. मोठ्या मासिकाच्या नोंदीत ‘यासह बांधलेले’ अशी टीप जाते, नव्या नोंदीत मुख्य खंडाचा क्रमांक जातो. नोंदी पूर्ण झाल्या की त्या फाइलच्या स्वरूपात ज्यांना हव्या त्यांना देता येतील; समूहावर निरोप जाईल तो केवळ त्या कोठे मिळतील, हे सांगण्यापुरता. टीपेच्या रकान्यात माहितीचा आधार देण्याची सोय आहे. बाईंनी तेथे मामांचे पूर्ण नाव आणि ‘ग्रंथालय परिचर’ हे पद घातले. असे करावे की नाही याचा त्यांनी एक दिवस विचार केला. माहिती ज्याच्याकडून मिळाली त्याचे नाव लिहावे, एवढा साधा नियम त्यांना पुरेसा वाटला.

स्वयंमूल्यमापनाच्या त्या रकान्यात प्रमाणपत्रांचे अनुक्रमांक अखेर चढवावेच लागले; कार्यालयाला त्यांची गरज होती. खाली उरलेल्या जागेत बाईंनी एक ओळ जास्तीची लिहिली : नियतकालिकांच्या एकत्रित बांधणीतील अनोंद अंकांची तालिका, काम चालू. या ओळीला किती गुण द्यावेत, हे कार्यालयीन लिपिकाला कळले नाही. त्याने तेथे आडवी रेघ ओढली.

खंडांच्या आणखी दोन रांगा तपासायच्या राहिल्या आहेत. निवृत्तीपूर्वी त्या होतील, असा बाईंचा अंदाज आहे. टिंबांचा अर्थ सांगणारा एक कागद त्यांनी दाखल-नोंदवहीच्या पहिल्या पानावर डकवला आहे, आणि शिडीवरच्या विद्यार्थ्याला तो मोठ्याने वाचून दाखवला आहे.